झाड सोडून सगळं

प्रभावती काकूंचं आंब्याचं झाड गेलं. आधी मुळासकट निघालं, मग मधोमध मोडलं.

हे तुम्ही वाचलेलं नाही. असलं काही झालेलंच नाही! आज शनिवार आहे, झाड रामनगरच्या प्लॉटवर ठणठणीत उभं आहे, आणि मुन्शी घाटाजवळच्या घरात विश्वेश सगळ्यांना ऐकवतोय, "पंजा कसा निवडायचा, हे अख्ख्या बनारसमध्ये आता माझ्याइतकं कुणाला कळत नाही!"

पंजा म्हणजे ट्रॅक्टरच्या पुढच्या हातांना लावायचा लोखंडी जबडा. झुडपं मुळासकट धरायची, उचलायची आणि बाजूला नेऊन टाकायची, एवढंच त्याचं काम. विश्वेश एका पाठशाळेत न्यायशास्त्र शिकवतो. त्याच्या घरात सात पिढ्यांत पोथीपेक्षा जड वस्तू कुणी उचललेली नाही. गॅसचा सिलिंडरसुद्धा आणणाराच आत ठेवून जातो. तरी हा माणूस तीन आठवडे पंजाचा अभ्यास करत होता, कारण त्याला घर हवं होतं.

मार्गशीर्षात त्याचं मालविकाशी लग्न. घरात खोल्या दोन, माणसं सात! रामनगरचा प्लॉट थोरल्या काकूंच्या, म्हणजे प्रभावती काकूंच्या नावावर. त्यावर घाणेरी, एरंड आणि सरपताचं गवत इतकं माजलेलं, की मागच्या वर्षी मोजणीला आत गेलेला माणूस टेप आतच ठेवून बाहेर आला. काकूंनी अट घातली, "विश्या, रान साफ कर, प्लॉट तुझा. पण माझ्या लंगड्या आंब्याला ओरखडा जरी उठला, तर प्लॉट शार्दूलला!"

शार्दूल हा विश्वेशचा चुलतभाऊ. त्याला तिथे बॅडमिंटनचं कोर्ट करायचं होतं. तो प्रेमानं म्हणाला, "दादा, टेन्शन मत लो. ओरखडा उठेलच!"

आंबा बनारसच्या लंगडा जातीचा, काकूंनी स्वतः लावलेला, नऊ वर्षांचा. यंदा पहिल्यांदा धरला. चौदा फळं! कोणतं फळ कुणाला दिलं ते काकूंना पाठ होतं. ज्यांना दिलं नाही, त्यांची यादी तर त्याहून पाठ होती.

तर पंजा. दुकानदारानं साधा प्रश्न विचारला होता, "गुरुजी, उठाना क्या है?"

"पहले 'उठाना' का लक्षण तय कर लें," असं म्हणून विश्वेश दीड तास बोलला. तेवढ्यात दुकानदारानं दुसऱ्या गिऱ्हाइकाला नांगर विकला, जेवून आला, आणि विश्वेश अजून पंजाच्या दातांवरच होता.

घरी त्यानं वडिलांपुढे, नीलकंठरावांपुढे, सिद्धान्त मांडला. "नाना, साधं खोरं लावलं तर अव्याप्ती. हवं तेही उचलत नाही! खोदाईचं यंत्र आणलं तर अतिव्याप्ती. नको तेही उचलतं! म्हणून पंजाच."

"एका जबड्याचा की दोन?" नीलकंठरावांनी चष्मा पुसत विचारलं.

"दोन! एकीकडे जाड बुंधा आला आणि दुसरीकडे काटक्या, तर एकटा जबडा बुंध्यावर अडतो आणि काटक्या निसटतात. दोन असले की ज्याचा तो चावतो."

"दातांमध्ये अंतर?"

"वीतभर. माती गळते, मुळं राहतात."

"आणि झाड ओळखतो का?" काकू मधेच म्हणाल्या.

"काकू, ते चालवणाऱ्यानं ओळखायचं."

"मग चालवणारा निवडलास?"

एवढ्या तयारीत हा प्रश्न राहूनच गेला होता. "तो पंजाबरोबरच येतो," विश्वेश म्हणाला आणि पाणी प्यायला उठला.

रविवारी सकाळी भाड्याचा ट्रॅक्टर घेऊन शिवराम प्लॉटवर आला. पन्नाशीचा, गळ्यात गमछा, गालात पान, अतिशय आज्ञाधारक माणूस. दहा मिनिटांत पंजाच्या नळीतून तेल ठिबकायला लागलं. विश्वेशला कोण आनंद! "नळी मी आणतो! माप मला तोंडपाठ आहे!" म्हणत तो स्कूटरवरून बाजारात पळाला. मागे देखरेखीला काकू उरल्या.

इथे काकूंच्या हिंदीबद्दल सांगायला हवं. काकू साताऱ्याहून लग्न होऊन बनारसला आल्या, त्याला चोपन्न वर्षं झाली. आपण उत्तम हिंदी बोलतो, असं काकूंचं मत आहे. मराठी वाक्य घ्यायचं, शेवटी 'है' लावायचं, आणि समोरच्याला कळलं नाही तर तेच मोठ्यानं म्हणायचं!

"देखो शिवराम," काकू म्हणाल्या, "झाड को हात नहीं लगाना. झाड छोड़ के बाकी सब निकालना है."

शिवराम जरा चपापला. "झाड़ छोड़ दें, माताजी?"

"हाँ! झाड हमारा जीव है! बाकी कुछ नहीं दिखना चाहिए! और एक पान भी गिरा ना, तो देखना!"

शिवरामनं गालातलं पान जिभेनं आत ढकललं आणि ओठ घट्ट मिटले. त्याला एक शंका होती, पण तोंड उघडण्याची सोय राहिली नव्हती. त्यानं आंब्याकडे बोट केलं, भुवया उंचावल्या आणि "उंऽऽ?" केलं.

काकूंनी भक्तिभावानं आंब्याला हात जोडले. शेवटचा नमस्कार दिसतोय, असं समजून शिवरामनंही जोडले.

मग काकू रस्त्यापलीकडच्या देवळाच्या ओट्यावर पाठ फिरवून विष्णुसहस्रनाम म्हणायला बसल्या. शिवरामनं ठिबकणाऱ्या नळीला गमछ्याची चिंधी गुंडाळली आणि कामाला लागला. मागून धडाधड आवाज येत होते. काकूंना वाटलं, काम झपाट्यानं चाललंय!

चाललंच होतं.

पाऊण तासानं विश्वेश नळी घेऊन परत आला. आधी त्याला घाणेरी दिसली. सगळीच्या सगळी! वाऱ्यावर डोलत होती. एरंड जागच्या जागी. सरपताचं एक पातं वाकलेलं नव्हतं. फक्त फाटक नव्हतं. पंपाची पत्र्याची खोली नव्हती. कुंपणाचे खांब, सिमेंटचा बाक, काकूंच्या नावाची पाटी, सगळं कोपऱ्यात नीट रचून ठेवलेलं. मधोमध ट्रॅक्टर हात वर करून उभा होता, आणि पंजात, दोन्ही जबड्यांत, लंगडा आंबा!

माती गळत होती. मुळं राहिली होती. पंजाची निवड अगदी अचूक होती!

"दादा, क्या चीज़ लाए हो!" ओरखडा बघायला आलेला शार्दूल बाजूला उभा राहून मोबाइलवर शूटिंग करत होता.

विश्वेशच्या डोक्यात एकच विचार आला. मुळं शाबूत आहेत, खड्डा तयार आहे. अलगद परत ठेवलं, पाणी घातलं, तर जगेल! काकू अजून नामातच आहेत. कुणाला कळणारही नाही! तो हात हलवत धावत सुटला. त्याचं हिंदी घरात सर्वांत शुद्ध. 'कृपया धीरे से नीचे रखिए' एवढंच म्हणायचं होतं. पण घाबरलेला माणूस घरच्या भाषेत ओरडतो.

"खाली! खाली! शिवराम, खाली!"

शिवरामनं मान डोलावली आणि पंजा खाली केला. हिंदीत. म्हणजे रिकामा!

दोन्ही जबडे एकदम उघडले. आंबा बारा फुटांवरून पंपाच्या चौथऱ्यावर आडवा पडला. कडाड! एकाचे दोन झाले.

काकू ओट्यावरून आल्या, पाहिलं. मग म्हणाल्या, "शिवराम! झाड क्यों निकाला?"

शिवराम बाजूला गेला, पाऊण तास जपलेली पिंक टाकली आणि दुखावलेल्या आवाजात म्हणाला, "माताजी, झाड़ तो एक नहीं छुआ! देख लीजिए!" त्यानं घाणेरीकडे हात केला. "झाड़-झंखाड़ सब जस का तस हौ! ई त पेड़ रहल!"

आपलं झाड हिंदीत पेड़ असतं, आणि हिंदीतलं झाड़ म्हणजे आपलं झुडूप. हे काकूंना चोपन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, कारण काकूंना कुणी काही सांगत नाही.

संध्याकाळी नीलकंठरावांच्या अध्यक्षतेखाली विचार झाला. शिवराम निर्दोष, त्यानं आज्ञा पाळली. पंजा निर्दोष, त्यानं तर कमाल केली.

"मीही निर्दोष!" काकू कडाडल्या. "मी हिंदीतच सांगितलं होतं!"

"आणि मी मराठीत बरोबरच बोललो," विश्वेश पुटपुटला.

"म्हणजे दोष शब्दाचा," नीलकंठराव म्हणाले.

"मग शब्दाचा निकाल लागेपर्यंत प्लॉट कुणाचाच नाही!" काकू म्हणाल्या. "विश्याचाही नाही आणि शार्दूलचाही नाही!"

मालविकानं फोनवरून विचारलं, "हा निकाल साधारण कधी लागतो?" तेव्हा अर्ज करायचं ठरलं. नीलकंठरावांनी मसुदा केला, विश्वेशनं सुवाच्य अक्षरात उतरवला. कोणत्या कार्यालयात द्यायचा, याची चौकशी चालू आहे.

"विषय : 'झाड' या शब्दाचा अर्थ मागील तारखेपासून बदलून मिळणेबाबत.

महोदय, उपरोक्त शब्दाचा अर्थ गेल्या रविवारी सकाळी साडेदहापासून हिंदीतही 'वृक्ष' असाच धरण्यात यावा, जेणेकरून सदर आंबा नियमानुसार उभा समजला जाईल व अर्जदारास त्याच्या सावलीत घर बांधता येईल. लग्न मार्गशीर्षात असल्याने त्वरेने कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती. 'खाली' या शब्दाबाबत स्वतंत्र अर्ज सोबत जोडला आहे."