घरट्याखालचा बाक

"अहो, खाल्लं बघा त्यानं!" बायको आनंदानं ओरडली, तेव्हा मोजणीदारांच्या ताटात भाजी अजून पडायची होती. भाजीनं भरलेला चमचा मधल्यामध्ये हवेतच थांबला होता.

"कुणी?"

"पिल्लानं! आज पहिल्यांदा स्वतःच्या चोचीनं तोडून खाल्लं. इतके दिवस आई भरवत होती."

'मलाही कुणी वाढलं तर मीही स्वतःच्या हातानं खाईन,' असं मोजणीदारांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण घरात ओठांवर आलेलं गिळून टाकायची त्यांना जुनी सवय होती. ते फक्त "हं" म्हणाले.

तळ्याकाठच्या बागेत एका उंच झाडावर गरुडाच्या जोडीनं घरटं केलं होतं. पक्षिमित्र मंडळानं समोरच्या फांदीवर कॅमेरा बसवला होता आणि त्या घरट्यात काय चाललंय ते कुणालाही घरबसल्या दिवसभर बघता येत असे. मोजणीदारांच्या बायकोचा गुडघा दुखायला लागून तिचं बाहेर जाणं बंद झालं, तेव्हा परगावी राहणाऱ्या मुलीनं तिच्या फोनवर हे गरुड लावून दिले. आईचं मन रमावं एवढाच तिचा हेतू. आईचं मन असं काही रमलं की फोन पाण्याच्या तांब्याला टेकून उभा राहिला तो राहिलाच. जेवताना गरुड, कपड्यांच्या घड्या घालताना गरुड. मोजणीदार घरात शिरले की आधी "शूऽ, झोपलंय ते," असं ऐकू येई.

गंमत अशी की मोजणीदार रोज संध्याकाळी फिरायला जात ते त्याच बागेत, आणि बसत ते त्याच झाडाखाली. गरुडांना त्रास नको म्हणून मंडळानं झाडाभोवती दोरी बांधली होती. त्यामुळे त्या बाजूला माणसं फिरकत नसत आणि दोरीलगतचा बाक कायम मोकळा मिळे. तिथे मोजणीदारांचा जुना मित्र आधीच येऊन बसलेला असे. तो शिंपी. उभा जन्म तोंडात टाचण्या धरून काम केल्यामुळे ओठ उघडून बोलायचं त्याच्या अंगवळणीच पडलं नव्हतं. मोजणीदारांचं उलट. सगळी नोकरी जमिनी मोजण्यात गेलेली, साखळी धरणाऱ्या माणसाला शेताच्या या टोकावरून त्या टोकाला हाका मारण्यात गेलेली. कुजबुजायचं ठरवलं तरी त्यांचा आवाज शेजारच्या शेतात जाई. असे दोघे बाकावर बसले की एक बोले आणि एक ऐके, आणि दोघांनाही बरं वाटे.

घरात गिळलेलं सगळं मोजणीदार तिथे बाहेर काढत.

त्या सुमारास बघणाऱ्यांनी मंडळाकडे मागणी केली, की पिल्लू दिसतं पण ऐकू येत नाही, त्याचा आवाजही ऐकवा. मंडळानं फांदीवर एक मायक्रोफोन लावला. पंखांची फडफड, चोचीची करकर सगळं टिपणारा, उत्तम प्रतीचा. मोजणीदारांचा आवाज टिपायला खरं तर इतक्या उत्तम मायक्रोफोनची गरज नव्हती.

ही गोष्ट बाकावर बसणाऱ्यांना कुणी कळवली नाही.

"काल भाजी नुसती खारट!" त्या संध्याकाळी मोजणीदार सांगत होते. "एकदा मीठ घातलं, मग फोनमध्ये बघितलं, मग पुन्हा घातलं. मी आपला गपगुमान गिळला घास. सांगतो कुणाला!"

शिंप्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी भाजीत मीठ नव्हतंच. मिठाचा डबा ताटाशेजारी ठेवलेला होता. मोजणीदारांना नवल वाटलं, पण ते "हं" म्हणून जेवले.

मग त्यांनी बाकावर पोटाची तक्रार सांगितली, आपलं घोरणं आणि शेजारचं रात्रभर भुंकणारं कुत्रंही सांगून टाकलं. सकाळी औषधाच्या दुकानात ते डोकेदुखीची गोळी आणायला गेले, तर दुकानदारानं विचारलं, "आज सकाळी कसं काय? साफ झालं का?" आणि गोळीबरोबर एक चूर्णाची पुडीही पिशवीत टाकली. न्हाव्यानं दाढी करताना घोरण्यावरचा उपाय सांगितला. शेजारीणबाई एरवी ओळख दाखवत नसत, त्या जिन्यात थांबून म्हणाल्या, "आमच्या कुत्र्याला आता आम्ही आतल्या खोलीत बांधतो हं."

लोक अलीकडे फार समजूतदार झालेत, असं मोजणीदारांना वाटायला लागलं. लोकांना कळलं होतं ते एवढंच, की रोज संध्याकाळी गरुडाबरोबर फुकटची करमणूक मिळते. ती स्वतःच्या हातानं कोण बंद पाडणार?

मोजणीदारांचे डोळे उघडले ते घड्याळावरून. मेहुण्यानं त्यांना तासातासाला गाणं म्हणणारं भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं होतं. त्या गाण्यानं दुपारची झोप मोडते म्हणून मोजणीदारांनी हळूच त्याचा सेल काढून ठेवला आणि घड्याळ बिघडलं असं जाहीर केलं. मेहुण्यानं बिचाऱ्यानं ते दोनदा दुरुस्तीला नेलं; नेण्याआधी मोजणीदार गुपचूप सेल परत घालत. दोन्ही वेळा दुकानदारानं ठणठणीत आहे म्हणून परत दिलं, आणि दोन्ही वेळा ते भिंतीवर गेल्यावर पुन्हा बिघडलं. हा किस्सा मोजणीदारांनी शिंप्याला हसत हसत, मांडीवर थापा मारत सांगितला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मेहुणा हजर झाला. काही न बोलता त्यानं स्टूल ओढलं, घड्याळ उतरवलं, मागचं झाकण उघडून रिकामी जागा बघितली.

"आवडत नव्हतं तर सांगायचं होतंत," तो म्हणाला. "मी दोन वेळा त्या दुकानदाराशी भांडून आलो."

चहा न घेता तो घड्याळ काखेत मारून निघून गेला. मोजणीदार भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत उभे राहिले. सेलची गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती. एक ते स्वतः. आणि दुसरा?

त्यांना सगळं लख्ख दिसायला लागलं. मीठ, चूर्ण, घोरणं, कुत्रं. बाकावर बसून मुक्यासारखी मान हलवायची आणि पाठ फिरली की गावभर दवंडी पिटायची! तरी मोजणीदार न्यायी माणूस. पुराव्याशिवाय हद्द ठरवायची नाही, हे त्यांचं नोकरीतलं तत्त्व. त्यांनी परीक्षा घ्यायचं ठरवलं. त्या संध्याकाळी ते शिंप्याच्या कानाशी लागून, म्हणजे बागेच्या फाटकापर्यंत ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले, "कुणाला सांगू नकोस, पण मला ना, लहानपणापासून बासरी शिकायची फार इच्छा आहे. राहूनच गेलं रे."

वास्तविक बासरी कुठल्या बाजूनं फुंकतात हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

रात्री मुलीचा फोन आला. "बाबा, मला रडूच आलं. इतकी वर्षं मनात ठेवलंत? बासरी पाठवलीय. चांगल्यातली आहे." आणि बायको फोन ठेवत म्हणाली, "शिकवणारे मास्तरही बघितलेत. घरी येतात."

मोजणीदार रात्रभर तळमळले. बासरीचं दुःख नव्हतं. शाळेपासूनचा मित्र असा निघावा, याचं होतं.

संध्याकाळी ते बाकाजवळ गेले ते बसलेच नाहीत. उभ्यानंच त्यांनी तोंड सोडलं. "चहाडखोर! जिभेला हाड नाही तुझ्या! तुझ्यावर विश्वास ठेवला, तुला पोटातलं सांगितलं, आणि तू माझी लक्तरं वेशीवर टांगलीस? पुन्हा तोंड दाखवू नकोस!"

झाडावर गरुडाच्या मादीनं पंख पसरून पिल्लाला पोटाखाली घेतलं.

शिंप्याचा चेहरा पांढरा पडला. त्यानं ओठ उघडले. पुन्हा मिटले. मग "बरं," म्हणाला, काठी उचलली आणि फाटकाकडे चालायला लागला. त्यानं मागे वळून बघितलं नाही.

त्यानंतर मोजणीदार रोज बाकावर जाऊन एकटेच बसत. बोलायला कुणी नव्हतं. घरातही बोलणं नव्हतं. गिळलेलं सगळं आता पोटात साठायला लागलं. बायकोही कावरीबावरी दिसे. एकदा तिनं विचारलं, "आज गेला नव्हतात का बागेत?"

"गेलो होतो."

"मग एवढे गप्प का होतात?" तिनं विचारलं आणि लगेच जीभ चावली. पण मोजणीदार आपल्याच दुःखात होते. त्यांच्या काही लक्षात आलं नाही.

आणखी काही दिवसांनी ते बागेत पोचले, तर मंडळाचा राखणदार दोरीला एक पाटी अडकवत होता. 'शांतता राखा. इथला आवाज सर्वत्र ऐकू जातो.'

"सर्वत्र म्हणजे कुठे?" मोजणीदारांनी विचारलं.

तो आवाज ऐकताच राखणदार गर्रकन वळला. "अरेच्चा! तुम्हीच का ते आजोबा? अहो, वर मायक्रोफोन आहे की! लोक पिल्लाच्या आधी तुमची चौकशी करतात. पण त्या दिवशी तुम्ही चुकलात. एवढ्याशा पिल्लाला चहाडखोर म्हणायचं? तक्रारींचा पाऊस पडला आमच्यावर."

"मी पिल्लाला नाही म्हणालो!"

"मग कुणाला? दुसरा आवाजच नसतो तुमच्याबरोबर. लोक म्हणतात, म्हातारा गरुडांशी बोलतो."

राखणदार गेला. मोजणीदार मटकन बाकावर बसले. इतक्या दिवसांत आपण काय काय बोललो ते त्यांना आठवायला लागलं, आणि आठवेल तसे ते बाकावर आक्रसत गेले. पोट. घोरणं. सेल. 'बायको उभ्या जन्मात माझ्याकडे कधी अशी टक लावून बघत नाही, जशी त्या पक्ष्याकडे बघते,' हेही. आणि शेवटी शिंप्याची ती पाठ आठवली. तेव्हा मात्र त्यांना बसवेना.

ते उठले. झाडाकडे तोंड करून ताठ उभे राहिले. झालं ते या झाडाखालीच झालं होतं, निस्तरायचं तेही इथेच, जगासमोर. त्यांनी घसा खाकरला.

"ऐका!" ते म्हणाले. तळ्यातली बदकं उडाली. "मित्रा, मी तुला नाही नाही ते बोललो. तू एका शब्दानं उत्तर दिलं नाहीस. चुकलो. मेहुण्या, घड्याळ चांगलं आहे, मी वाईट आहे. मुली, मला बासरी नको, पण परत पाठवणार नाही. आणि अगं..." इथे त्यांचा आवाज बसला. पहिल्यांदाच तो झाडापर्यंत पोचतो की नाही अशी शंका यावी इतका बसला. "अगं, मी त्या पक्ष्यावर जळत होतो. दुसरं काही नाही. घरात नुसता फोन चालू असतो आणि मला करमत नाही. तुझ्याशी बोलायचं असतं. जमत नाही."

फिरायला आलेलं एक जोडपं झाडासमोर डोळे पुसणाऱ्या या गृहस्थाला लांबून वळसा घालून गेलं.

मोजणीदार घरी निघाले ते पिसासारखे हलके होऊन. आता दारातच बायको उभी असेल. काय म्हणेल? डोळ्यांत पाणी असेल? त्यांनी बेल वाजवली. दार उघडून बायको म्हणाली, "पाय पुसून या. फरशी ओली आहे."

"बघितलंस का आज?"

"बघितलं. पण कंटाळा आला. आवाजच नाही. तक्रारी आल्या म्हणून शांततेची पाटी लागेपर्यंत आजचा दिवस बंद ठेवलाय म्हणे त्यांनी."

मोजणीदार पायपुसण्यावरच थांबले. "बंद?"

"बंद."

"म्हणजे एरवी चालू असायचा, हे तुला ठाऊक होतं?"

बायकोनं फोन उचलला आणि पालथा ठेवला. कितीतरी महिन्यांत मोजणीदारांनी त्या फोनची पाठ पाहिली नव्हती.

"पहिल्याच दिवशी कळलं," ती म्हणाली. "तुमचा आवाज मला ओळखू येणार नाही?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही बोलायचे थांबला असता. घरात मी दहा वाक्यं बोलले की तुमचं एक 'हं' येतं. तिकडे तासभर बोलता. केवढं सांगता! साहेबानं तुम्हाला भर उन्हात उभं केलं होतं, ते लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला माहीत नव्हतं. मी कसला गरुड बघतेय! संध्याकाळ झाली की तुमची वाट बघत बसायचे."

मोजणीदारांनी तोंड उघडलं. झाडाला सांगितलेलं सगळं जिभेवर होतं, पण झाड असं सरळ डोळ्यांत बघत नव्हतं. "मी... म्हणजे मला..." एवढंच जमलं.

"सावकाश," बायको म्हणाली. "बसा आधी."

बराच वेळ लागला. वाक्यं अर्धवट सुटत होती, पण ती सगळी ऐकत गेली. शिंप्याशी झालेल्या भांडणापाशी ते आले तेव्हा तिचा चेहरा उतरला. "ते ऐकलं मी. खरं सांगायचा धीर झाला नाही. माझ्यामुळे झालं ते. चला, आत्ताच जाऊ."

"तुझा गुडघा?"

"गुडघा घेऊनच येते."

थांबत थांबत दोघं शिंप्याच्या घरी पोचली. तो खिडकीपाशी बसून पडद्याची शिवण उसवत होता. मोजणीदार दारातच म्हणाले, "चुकलो रे. वर मायक्रोफोन होता. तू कुणाला काही सांगितलं नव्हतंस."

"बस," शिंपी म्हणाला.

"तुला तरी काय कल्पना असणार, की ते यंत्र..."

"होती," शिंपी म्हणाला.

मोजणीदार बसता बसता पुन्हा उभे राहिले.

"त्यांना मीच फोन केला होता," बायको खाली बघत म्हणाली. "पहिल्याच दिवशी. त्यांच्या सुनेलाही आवाज ओळखू आला होता. मी म्हटलं, भावोजी, ह्यांना यातलं अवाक्षर कळू देऊ नका, बोलू देत त्यांना."

"अरे, मग मी तुला जगासमोर चहाडखोर म्हणालो! तेव्हा तरी सांगायचंस!"

शिंप्यानं पडदा मांडीवरून बाजूला ठेवला, शांतपणे मित्राकडे बघितलं आणि म्हणाला, "तेव्हा सांगितलं असतं, तर झालोच असतो की चहाडखोर."