ठकीची झोप मोडता कामा नये

ठकी झोपली की बोटीवर कुणी शिंकायचंसुद्धा नाही, असा आजींचा कायदा होता. तान्ही ठकी, तिचे आईबाबा आणि आजी, असे चौघे शिडाच्या बोटीतून महासागर ओलांडत होते. आजी नातीला सांभाळायला आल्या होत्या. लेकाच्या नावाडीपणावर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता.

वारा समोरून होता. अशा वेळी बोट सरळ जात नाही. थोडी डावीकडे कलून, मग वळून उजवीकडे कलून, अशी नागमोडी जाते. वळण्याआधी खणखणीत आवाजात इशारा द्यायचा, हे बाबा शिकवणीत शिकले होते. ते "सांभाळा, वळतोय" असं गरजत, बोट दुसऱ्या अंगावर कले आणि ठकी भोकाड पसरे.

ठकीच्या आईने निदान केलं. "बोट डावीकडे कललेली असली की तिला झोप लागते. आता वळवू नकोस."

"अगं, बंदर उजवीकडे राहिलं."

"राहू दे. बंदर काही रांगत कुठे जात नाही."

त्यावर आजींनी, रडकं पोर घेऊन बंदरावर तोंड तरी कुणाला दाखवायचं, अशी पुस्ती जोडली.

मग बोट डावीकडेच कललेली राहिली. चहा कपात तिरका दिसू लागला. आजींनी एका चपलेत फडकं दुमडून घातलं आणि आपलं चालणं सरळ झाल्याचं जाहीर केलं. ठकी गाढ झोपत होती. बंदर मात्र मागे पडत चाललं होतं आणि पिण्याच्या पाण्याची टाकी खडखडू लागली, तसा ठकीच्या आईचा जीव टांगणीला लागला. लेकीची झोप की लेकीचं पाणी? शेवटी तिनेच वळायला सांगितलं.

तयारी जय्यत झाली. ठकीच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या. आई तिच्या अंगावर हात ठेवून, श्वास रोखून बसली. बाबांनी इशाऱ्यासाठी तोंड उघडलं, पण वाऱ्याशी आणि आजींशी एकाच वेळी हुज्जत घालून त्यांचा घसा पार बसला होता. नुसती हवाच बाहेर आली. बोट वळली. उजवीकडे कलली.

ठकीने ओठ चोखले आणि ती झोपूनच राहिली.

ठकीची आई नवऱ्याकडे वळली. "म्हणजे बोटीमुळे नाही," ती कुजबुजली, "तुझ्या ओरडण्यामुळे उठत होती ती."

"नियम आहे तो," बाबा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"कशासाठी पण असला नियम?"

तेवढ्यात आतून धप्प असा आवाज आला. डाव्या बाजूच्या फळीवर निवांत लवंडलेल्या आजी घरंगळत थेट जमिनीवर आल्या होत्या.

"यासाठी," बाबा म्हणाले.

"मेल्या, सांगून वळायला काय झालं होतं तुला?" आजी गरजल्या. बाबांचा खणखणीत आवाज कुणावर गेला होता ते तेव्हा कळलं. ठकीलाही कळलं. तिने डोळे उघडले, छाती भरून श्वास घेतला आणि घराण्याचं नाव राखलं.