मामांचं मौन आणि कॅम्परमधली खीर

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. तेराशे सीसीच्या चिमुकल्या गाडीला कॅम्पर जोडून, ऐंशी माणसांची खीर वुडलँड्सहून पासिर रिसला नेणारा सिंगापुरातला पहिला मराठी माणूस मी आहे! दुसरा कोणी असेल तर त्याने पुढे यावं. मी स्वखर्चाने त्याचा सत्कार करीन.

कॅम्पर म्हणजे चाकांवरची मोठी पेटी. गाडीमागे जोडायची, मुक्कामाला पोचलं की छप्पर वर उचलायचं, बाजूंनी तंबू ओढून काढायचा, की आत गादीसकट खोली तयार! ही पेटी माझ्या ऑफिसातल्या एका ऑस्ट्रेलियन साहेबाची. तो कायमचा मायदेशी निघाला होता आणि नवा मालक मिळेपर्यंत ती त्याने माझ्या हवाली केली. नंबर प्लेट, कागदपत्रं सगळं चोख. मी वुडलँड्सच्या एका गॅरेजात जाऊन गाडीला मागे हूक बसवून घेतला. मेकॅनिकने माझ्या गाडीकडे पाहिलं, कॅम्परच्या फोटोकडे पाहिलं आणि म्हणाला, "कॅन लाह... बट स्लोली, आह?"

आता तुम्ही विचाराल, एवढा उपद्व्याप कशासाठी? तर माझ्या सासऱ्यांसाठी!

माझे सासरे बाबूराव, मी त्यांना मामा म्हणतो, अकोला डेपोत एकतीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते. एकतीस वर्षांत एकही अपघात नाही! महामंडळाने त्याबद्दल दिलेला बिल्ला ते अजून प्रवासात खिशात ठेवतात. असा माणूस दोन महिन्यांसाठी आमच्याकडे आला, आणि दोन महिने माझ्या गाडीत मागच्या सीटवर बसून पायाने नसलेला ब्रेक दाबत राहिला. "जवाईबापू, सिग्नल... जवाईबापू, अंतर ठेवा... जवाईबापू, तो सायकलवाला!" लग्नाला नऊ वर्षं झाली, पण 'गाडी बरी चालवता' हे तीन शब्द काही त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. मंगळवारी त्यांचं परतीचं विमान होतं. म्हणजे शुक्रवारची बुद्ध पौर्णिमा ही माझी शेवटची संधी! पुढच्या भेटीपर्यंत मी पन्नाशीला टेकलो असतो.

तर दोन हजार सहा सालची ती पौर्णिमा. त्या दिवशी इथे सुट्टी असते. आमची सगळी मंडळी पासिर रिसच्या बागेत जमणार, अकरा वाजता वंदना, आणि वंदनेनंतर खीरदान. खीर करायचा मान माझ्या सासूबाईंना, लीलाबाईंना मिळालेला. कार्यक्रमाची सूत्रं जुरोंग ईस्टच्या पद्माकरकडे. पद्माकर अकाउंटंट आहे, त्यामुळे त्याला अकरा म्हणजे अकरा लागतात. मी फोनवर छाती फुगवून सांगितलं, "काळजीच करू नकोस. मी कॅम्पर घेऊन येतोय!"

हे सांगायला नको होतं!

आपल्या लोकांना कोणी भारतात निघालाय असं कळलं तर काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहेच. "बॅगेत जागा आहे ना? मग एवढं घेऊन जा!" इथे तर अख्खी पेटी रिकामी चाललेली. सकाळी आठपासून आमच्या ब्लॉकखाली रांग लागली. नीताने चार सतरंज्या आणून दिल्या. उज्ज्वलने घडीची टेबलं आणि स्पीकर आणले. कोणी ताटांच्या चवडी, कोणी पाण्याचे कॅन. शेवटी लिफ्टमधून खिरीचं पातेलं उतरलं, ते असं अवाढव्य, की दोन माणसं कड्यांना धरून वाकली होती.

"पातेलं पुढे ठेवा, त्या गादीवर. हलणार नाही," मी म्हणालो.

सासूबाई आडव्या आल्या. "झोपायच्या गादीवर खीर? पौर्णिमेची खीर? काही समजते का नाही बाप्पा तुम्हाला?"

"अहो आई, गादी नवी आहे!"

"त्या गोऱ्या साहेबाची आहे ना? मंग!"

गादी पुढच्या भागात होती, तिथे काहीही ठेवायला मनाई झाली. मग पातेलं, पाणी, टेबलं, स्पीकर, सगळा संसार मागच्या दाराशी रचला गेला. आणि गादी पुढे एकटीच, ऐसपैस.

इकडे माझ्या बायकोने, एकताने, बापाला बाजूला घेतलं होतं. "बाबा, आज गाडीत एक शब्द बोलायचा नाही. ह्यांना घाम फुटतो. पासिर रिस येईपर्यंत मौन. द्या वचन!"

मामांनी कॅम्परकडे पाहिलं. तोंड उघडलं. लेकीकडे पाहिलं. तोंड मिटलं आणि वचन दिलं.

आम्ही निघालो. पुढे मी आणि एकता, मागे मामा, सासूबाई आणि मधोमध आमची आठ वर्षांची अनुया. पहिली दहा मिनिटं मी जगाचा राजा होतो! बसस्टॉपवरची माणसं वळून पाहत होती. एका म्हाताऱ्या आजोबांनी तर हात हलवला. मागून एक शब्द नाही, एक सूचना नाही. गाडी चालवणं इतकं सुखाचं असू शकतं हे मला नऊ वर्षांनी कळलं.

एक्सप्रेसवेला लागल्यावर मात्र गाडीला काहीतरी झालं. तिचा मागचा भाग हलका हलका लागायला लागला. शेजारून एक लॉरी गेली तशी मागची पेटी डावीकडे झुकली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. तिच्यासोबत आमची गाडीही कंबर हलवायला लागली!

"पप्पा, व्हाय द कार डान्सिंग?" अनुयाने विचारलं.

"वारा आहे बेटा," मी वेग कमी करत म्हणालो. झाडाचं एक पान हलत नव्हतं.

आरशात पाहतो तर मामा! डोळे मोठे झालेले, चेहरा लाल. उजवा हात पोटासमोर धरून ते पंजा डावीकडे-उजवीकडे डुलवत होते. मग अंगठ्याने पाठीमागे दाखवलं. मग दोन्ही हातांनी खाली दाब दिल्यासारखं केलं.

"एकता, मामा काय म्हणतायत?"

तिने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "अगं बाई! बाबांच्या पोटात ढवळतंय! सकाळी ती खीर चाखली ना त्यांनी दोन वाट्या?"

मामांनी जोरजोरात मान हलवली. पंजा आणखी जोरात डुलवला. अंगठा मागे, पुन्हा मागे!

"फार जोराची लागलीये हो," सासूबाई म्हणाल्या. "घ्या बाजूला लवकर!"

मी तीसच्या वेगाने, दिवे लुकलुकवत, पुढच्या फाट्यावर एक्सप्रेसवे सोडून एका पेट्रोल पंपावर शिरलो. दार उघडलं, मामांना दंडाला धरलं आणि टॉयलेटच्या दिशेने चालायला लागलो. ते पाय रोवून उभे!

"लाजू नका मामा, आपलीच माणसं आहेत!"

त्यांनी कपाळावर हात मारला. पण बोलले नाहीत! एकतीस वर्षं वेळापत्रक पाळलेला माणूस वचन मोडत नाही. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "जा ना बाप्पा एकडाव," तेव्हा ते रागारागाने आत गेले, आणि पाच सेकंदांत तितक्याच रागारागाने बाहेर आले. सरळ चालत कॅम्परपाशी पोचले. कॅम्परचं पुढचं टोक जिथे आमच्या हुकात अडकतं, त्या दांड्यावर जाऊन चक्क बसले!

आणि वर उचललेली आमच्या गाडीची मागची बाजू हळूच खाली आली.

मग ते उठले. गाडीची शेपटी पुन्हा वर! बसले, खाली. उठले, वर. आणि माझ्याकडे पाहत राहिले, वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलाकडे मास्तर पाहतात तसे.

मंडळी, माझा पगार कशाचा येतो सांगू? बंदरावरच्या क्रेनचा तोल काढण्याचा! कुठलं वजन कुठे टांगलं की क्रेन कुठे झुकते, याची आकडेमोड करणारा मी इंजिनियर. आणि माझ्याच गाडीमागे सगळं वजन शेपटीला बांधून, पुढचं टोक हवेत उचलून, मी खीर घेऊन नाचत चाललो होतो! खरंच सांगतो, लाज वाटली. ते दोन महिने चुकीचं बोलतायत असं मी धरून चाललो होतो, आणि आज न बोलताही तेच बरोबर निघाले.

"पातेलं पुढे घ्यायचं!" मी ओरडलो.

"गादीवर नाही!" सासूबाई कडाडल्या.

साडेदहाला दहा कमी. तेवढ्यात पद्माकरचा फोन. "सुगत, कुठे आहेस? भन्तेजी आलेत. ऐंशी माणसं बसलीयेत, पण जमिनीवर. सतरंज्या तुझ्याकडे आहेत!"

मी फोन ठेवला आणि मला एकदम सुचलं. पातेलं गादीवर जात नाही ना? मग गादीच मागे जाऊ दे! आम्ही गादी गुंडाळली, काढून मागच्या दाराशी कोंबली, आणि उघड्या फळ्यांवर सासूबाईंनी आपल्या हाताने धुतलेली चादर अंथरली. तिच्यावर पातेलं, शेजारी पाणी, स्पीकर, टेबलं. पातेल्याच्या झाकणावर कापड घट्ट बांधलं. सासूबाईंनी चहूबाजूंनी तपासलं आणि पसंतीची मान डोलावली. गाडी सरळ उभी राहिली!

आता निघायचं, तर पुढे पेट्रोलचा भलामोठा टँकर येऊन उभा! बाहेर पडायचं तर मागे घेऊनच.

ज्यांनी मागे जोडलेली पेटी रिव्हर्स केली नसेल त्यांना सांगतो, ती मुद्दाम उलटं वागते. तुम्ही स्टिअरिंग डावीकडे फिरवा, ती उजवीकडे जाते. पहिल्या प्रयत्नात ती कार वॉशकडे वळली. दुसऱ्यात हवा भरायच्या मशीनकडे. पलीकडच्या पंपाशी चार टॅक्सी जमल्या. एका टॅक्सीवाल्या अंकलने मान बाहेर काढली. "अय्या! रॉंग साइड लाह! अदर साइड!" दुसरा म्हणाला, "नो नो, धिस साइड!" अनुया म्हणाली, "पप्पा, यू फॉलो हू?"

मी काच खाली केली आणि हात जोडले. "मामा, आता तरी बोला!"

मामांनी एकताकडे पाहिलं. एकता घड्याळाकडे पाहत म्हणाली, "बोला बाबा, सोडलं मी वचनातून!"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. पासिर रिस म्हणजे पासिर रिस! ते शांतपणे कॅम्परकडे गेले, आतून एक ताट आणि पळी घेऊन आले. माझ्या खिडकीशी उभे राहून त्यांनी हवेतलं स्टिअरिंग खालच्या बाजूने धरून दाखवलं. पेटी जिकडे न्यायची तिकडेच हात न्यायचा! मग मागे जाऊन, मला आरशात दिसतील असे उभे राहिले आणि पळी उचलली.

टण टण!

कंडक्टरची दोन ठोक्यांची घंटा! म्हणजे चला! मी स्टिअरिंग खालून धरलं. मामा डावीकडे कलले, मी हात डावीकडे नेला. पेटी डावीकडे गेली! मामा उजवीकडे कलले, पेटी उजवीकडे! टण! थांबा. टण टण! चला. रस्त्यावरून जाणाऱ्या एका आजीबाई ताटाचा आवाज ऐकून डबा घेऊन आल्या. "अंकल, सेलिंग व्हॉट?" टॅक्सीवाले उतरून बाजूला उभे राहिले आणि तेही ठोक्यांवर टाळ्या वाजवायला लागले.

शेवटचं टण! आणि पेटी, गाडी, मी, सगळे एका सरळ रेषेत, बाहेरच्या वाटेला तोंड करून उभे! टॅक्सीवाला अंकल ओरडला, "वाह, पावर लाह!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं हो! खोटं कशाला सांगू.

पुढचा रस्ता लोण्यासारखा गेला. लॉऱ्या गेल्या, वारा आला, पेटी ढिम्म! अकराला चार मिनिटं कमी असताना आम्ही बागेच्या पार्किंगमध्ये शिरलो. पद्माकर धावत आला. मी एका दमात छप्पर वर उचललं, तंबू ओढला, आणि जमलेल्या सगळ्यांच्या तोंडून एकदम "अरे वा!" निघालं. सतरंज्या पसरल्या, स्पीकर लागला, अकराच्या ठोक्याला वंदना सुरू झाली. खीर? एक थेंब सांडला नव्हता! लोकांनी मागून मागून खाल्ली.

खिरीची वाटी हातात घेऊन मामा माझ्यासमोर आले. आजूबाजूची माणसं सरकून जवळ आली. नऊ वर्षं!

"जवाईबापू," मामा म्हणाले. सकाळपासूनचा त्यांचा पहिला शब्द. "गाडी चांगली चालवता तुम्ही."

'बरी' नाही, 'चांगली'! आणि तेही ऐंशी साक्षीदारांसमोर! एकता रडायला लागली, सासूबाईंनी माझ्या वाटीत आणखी खीर ओतली. पद्माकरने टाळ्या वाजवल्या. मी आयुष्यात इतका खूश कधीच नव्हतो.

"इतकी चांगली," मामा पुढे म्हणाले, "का मले वाटते, एवढ्यात जायची काय घाई? मंगळवारचं तिकीट पुढे ढकला. ही पेटी जोडून मलेशिया पाहू आपण. मी बोलत जाईन ना आता बाजूला बसून, मौन तर संपलं!"

सोमवारी मी त्या दोघांच्या व्हिजिट पासची मुदत वाढवायला अर्ज घेऊन बसलो. एक रकाना होता, 'मुदतवाढीचे कारण'. मी मामांना विचारलं, काय लिहू? ते म्हणाले, खरं ते लिहा. मी लिहिलं, "जावई गाडी चांगली चालवतो." खिडकीतल्या बाईंनी ते दोनदा वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तीस दिवस मंजूर करून टाकले.