कपाटात अडकलेलं रक्ताभिसरण

किल्ली कुलपात फिरता फिरता कट्कन मोडली आणि ग्रंथपालबाईंच्या चिमटीत तिचं फक्त डोकं उरलं. धड आत राहिलं. घड्याळात पावणेदहा झाले होते आणि प्रदर्शनाचं उद्घाटन अकराला होतं.

कपाट लोखंडी, माणसाच्या उंचीचं. वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात त्याच्याइतकं जड आणि हट्टी दुसरं काही नव्हतं. त्याची किल्ली बाई कुणाच्या हाती देत नसत. डीनसाहेबांनी मागितली तरी "मी येते ना उघडायला" म्हणून स्वतः उठत. त्यामुळे आज दोष द्यायलाही जवळपास कुणी सापडेना.

कपाटात एकच वस्तू होती. रक्त शरीरात कुठंतरी तयार होतं आणि कुठंतरी जिरून जातं, असं जग शेकडो वर्षं धरून चाललं होतं. तसं नाही, ते हृदयातून निघतं आणि फिरून हृदयातच येतं, असं ज्या बारक्याशा पुस्तकानं जगाला ठणकावून सांगितलं, त्याची ही एक जुनी छापील प्रत. एका देणगीदारानं दिलेली. ती लॅटिनमध्ये असल्यानं महाविद्यालयात आजवर कुणी वाचली नव्हती, आणि म्हणूनच सगळ्यांना तिच्याबद्दल अतोनात आदर होता.

'शरीर उलगडणारे ग्रंथ' असं प्रदर्शनाचं नाव. देवीच्या लशीची पुस्तिका, जंतूंवरचे प्रबंध, शरीररचनेच्या चित्रांचा भलाथोरला ग्रंथ, सगळं मांडून झालं होतं. पण त्या सगळ्या नकला. अस्सल म्हणावं असं हे एकच, आणि दालनाच्या मधोमध मखमल घातलेली काचपेटी त्याची वाट बघत रिकामी उभी होती.

"कुलपवाला दोन वाजता येतो म्हणतोय," शिपाई फोन ठेवत म्हणाला. "गॅसकटर आणू का?"

"आत साडेतीनशे वर्षांचा कागद आहे! कटरनं काय, शेकोटी करायचीय का?"

"मग मधल्या पेटीत तोवर दुसरं काहीतरी ठेवू. तेवढंच, तसलंच. दोन वाजता बदलून टाकू. कोण बघतंय?"

बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की दुसरा असता तर माफी मागून मोकळा झाला असता. पण शिपाई शांतपणे घड्याळाकडे बघत राहिला. दहा वाजून पाच मिनिटांनी बाई स्वतःच मागच्या खोलीत गेल्या.

मागच्या खोलीत रुग्णालयाची जुनी रजिस्टरं होती. प्रसूती विभागाची अडगळीची खोली रिकामी झाली तेव्हा ती रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढली होती. लिहिलेला कागद डोळ्यांदेखत रद्दीत जाणं बाईंना सोसत नसे, म्हणून त्यांनी ती अर्ध्या वाटेवरून उतरवून घेतली. त्यातलं एक रजिस्टर बारीक होतं. पाठीला तपकिरी चामडं, कोपरे झिजलेले, वर एक अक्षर नाही. बाईंनी ते फडक्यानं पुसलं आणि मखमलीवर ठेवलं. दोन पावलं मागं सरून बघितलं. ते खऱ्या ग्रंथापेक्षाही जास्त जुनं दिसत होतं.

शेजारी त्यांनी वळणदार अक्षरात पाटी लावली : 'पानं अत्यंत नाजूक असल्यामुळे ग्रंथ बंद ठेवला आहे.' पस्तीस वर्षांच्या नोकरीतलं हे त्यांचं पहिलं खोटं. शुद्धलेखन मात्र त्यांनी दोनदा तपासलं.

प्रमुख पाहुणे ठरल्या वेळी आले. नामवंत हृदयशल्यविशारद, याच महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी. भाषण त्यांचं तोंडपाठ असायचं, त्यामुळे चष्मा गाडीतच राहायचा. चारचौघांत चष्मा लावणं त्यांना आवडत नसे, असंही लोक म्हणत.

"या ग्रंथानं मला घडवलं," काचपेटीवर हात ठेवून ते म्हणाले. "विद्यार्थिदशेत मी तो तीनदा वाचलाय. तीनदा!"

टाळ्या झाल्या. बाईंनीही वाजवल्या. इथवर सगळं ठीक चाललं होतं.

"उघडा की पेटी," पाहुणे म्हणाले.

"पानं फार नाजूक आहेत, सर," बाई पाटीकडे बोट करत म्हणाल्या.

"बाई, मी तीस वर्षं धडधडणारी हृदयं हातात धरलीयत. एक पान नाही का धरता येणार?"

लोक हसले. डीनसाहेबांनी बाईंना डोळ्यांनी हुकूम केला. पेटी उघडायला बाईंनी नको इतका वेळ लावला. त्या भारावून गेल्या असतील, असं लोकांना वाटलं. पाहुण्यांनी रजिस्टर मधोमध उघडलं, हात लांब करून धरलं, भुवया उंचावल्या, मग डोळे बारीक केले. डीनसाहेब समोरच्या बाजूला होते, त्यांना ते बारीक अक्षर उलटं दिसत होतं. बाकीचे दोरीपलीकडे.

"अहो, हे तर हस्तलिखित आहे!" पाहुणे उद्गारले.

बाईंना वाटलं, संपलं. आता इथंच चक्कर येऊन पडलं तर बरं. डॉक्टरांची काही कमी नव्हती.

"छापील प्रती जगात सापडतात. पण हस्तलिखित! डीनसाहेब, तुमच्याकडे काय आहे याची तुम्हाला कल्पना आहे का?"

डीनसाहेबांना नव्हती. पण एका मिनिटात त्यांनी माइक हातात घेऊन महाविद्यालयाकडे जगातलं दुर्मीळ हस्तलिखित असल्याचं जाहीर केलं. वर्तमानपत्राचा छायाचित्रकार गुडघ्यावर बसला. "सर, जरा पान इकडं करा... वर... हां, बास!" त्यानं पाहुणे, पान आणि पाहुण्यांच्या चेहऱ्यावरची भक्ती, तिन्ही एका चौकटीत टिपली.

कुलपवाला दोनऐवजी साडेतीनला आला. त्यानं दोन मिनिटांत कपाट उघडलं. खरा ग्रंथ पेटीत गेला, रजिस्टर मागच्या खोलीत, आणि बाई घरी गेल्या. जेवण न करताच त्या पडून राहिल्या. नवऱ्याला म्हणाल्या, पित्त झालंय.

नवरा एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झाला होता. समोर अक्षर दिसलं की ते वाचल्याशिवाय त्याला घास गिळत नसे. औषधाच्या बाटलीवरचा मजकूरही तो पत्त्यासकट वाचायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पानावरचा फोटो बघून तो भिंग घेऊन बसला.

"अगं ए," तो जरा वेळानं म्हणाला, "हे लॅटिन मला कसं काय वाचता येतंय?"

बाईंनी चहाची किटली खाली ठेवली.

"ऐक. 'खाट सात. सकाळी ताप नाही. गडबडे डॉक्टरांनी हात न धुता तपासलं. मी सांगितलं. वेळ नाही म्हणाले. संध्याकाळी ताप एकशे दोन.'" त्यानं भिंग बाजूला केलं. "शुद्धलेखन चोख आहे हो. पण रक्ताभिसरणाचं यात काहीच नाही."

बाईंनी त्याला सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. फक्त म्हणाला, "डीनना तूच आधी सांग. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी."

पण बाई पोचायच्या आधी निम्म्या गावानं सांगून झालं होतं. भिंगं घरोघरी असतात. डीनसाहेबांच्या टेबलावरचा फोन थांबायला तयार नव्हता.

"प्रसूती विभागाचं रजिस्टर!" ते ओरडले. "हृदयशल्यविशारदाच्या हातात! खाट सात! बाई, मी त्यांना तोंड कसं दाखवू?"

"चूक माझी आहे, सर. मी लेखी देते."

"काय देता लेखी? किल्ली मोडली म्हणून?"

एवढ्यात दार न वाजवता एक पंचाहत्तरीच्या बाई आत आल्या. पाठ ताठ, साडीची घडी कडक, काखेत वर्तमानपत्र. रुग्णालयाच्या निवृत्त मेट्रन, सगळ्या परिचारिकांच्या प्रमुख. त्यांच्या काळात विद्यार्थी त्यांना चुकवायला जिन्याऐवजी मागच्या उतारानं जायचे.

"माझं रजिस्टर कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

"तुमचं?" डीनसाहेब अर्धवट उठले.

"प्रसूती वॉर्डाची सिस्टर मीच होते तेव्हा. प्रत्येक डॉक्टर आत आला की हात धुतले की नाही, ते मी लिहायचे. पुढं ताप. चौदा महिने लिहिलंय." त्यांनी वर्तमानपत्र टेबलावर पसरलं आणि फोटोवर बोट ठेवलं. "पान बरं निवडलंय."

"हे गडबडे डॉक्टर म्हणजे कोण हो?" ग्रंथपालबाईंनी हळूच विचारलं. "नावच आहे का?"

"छे. नाव काही वेगळंच होतं. सदा घाईत असायचा, म्हणून वॉर्डातल्या मुली म्हणायच्या. निवासी डॉक्टर होता. हुशार होता हो, फार हुशार." मेट्रनचं बोट पानावरून सरकत वर गेलं आणि भक्तिभावानं पान धरलेल्या चेहऱ्यावर थांबलं. "हा काय."

फोन नेमका तेव्हाच थांबला.

डीनसाहेबांनी पाहुण्यांना फोन कसा केला, काय शब्दांत सांगितलं, ते त्यांनी पुढं कधीच कुणाला सांगितलं नाही. एवढंच कळलं, की सगळं ऐकून पाहुण्यांनी ग्रंथालय किती वाजता उघडतं ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी दहाला ते हजर. एकटेच. डोळ्यांवर चष्मा. बाईंनी रजिस्टर त्यांच्यापुढं ठेवलं आणि माफीची जी वाक्यं रात्रभर जुळवली होती ती बोलायला सुरुवात केली.

"बाई, थांबा," ते म्हणाले. "मी तो ग्रंथ तीनदा वाचला नव्हता. एकदाही नाही. मला लॅटिन येत नाही. आता हे तरी वाचू द्या."

ते एक वाजेपर्यंत वाचत बसले. मधे दोनदा चष्मा काढून पुसला. शिपायानं चहा आणून ठेवला, तो गार झाला. मेट्रन पावणेबाराला आल्या आणि समोरची खुर्ची ओढून बसल्या. दोघांनीही एकमेकांना नमस्कार केला नाही.

"खाट सातचं पुढं काय झालं?" अखेर डॉक्टरांनी विचारलं.

"बाराव्या दिवशी घरी गेली. पुढच्या पानावर आहे. बाळ ठणठणीत होतं."

त्यांनी पान उलटलं, वाचलं आणि मोठा श्वास सोडला. "नोंदींच्या सातव्या महिन्यानंतर ताप एकदम कमी झालाय. का?"

"दाराबाहेर बादली, साबण आणि टॉवेल ठेवला. हात धुतल्याशिवाय आत सोडत नव्हते. तुम्ही भांडलात माझ्याशी. आठवतं?"

"आठवतं." ते म्हणाले. "पण सिस्टर, हे तेव्हाच छापायला हवं होतं."

"पाठवायचं म्हणून विभागप्रमुखांकडे दिलं होतं. ते म्हणाले, सिस्टरनी चादरी मोजाव्यात."

ग्रंथपालबाई कपाटाशी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांना एकाएकी मधल्या पेटीतल्या खऱ्या ग्रंथाकडे बघवेना. त्याला वाचक नसूनही मखमल मिळाली होती, आणि हे बिचारं हातगाडीवर चढून आलं होतं.

पुढचे तीन महिने दर बुधवारी ते दोघं ग्रंथालयात बसत. डॉक्टर आकडे मांडायचे आणि मेट्रन ते खोडायच्या. "'काही रुग्ण' नाही, सत्तेचाळीस लिहा." "'साधारणपणे' कशाला? मी साधारणपणे मोजलं नव्हतं." संदर्भ बाई शोधून द्यायच्या. मुद्रितं बाईंच्या नवऱ्यानं घरी बसून तपासली आणि एका स्वल्पविरामावरून हृदयशल्यविशारदाशी फोनवर वीस मिनिटं वाद घातला. जिंकला. लेखिकेच्या जागी एकट्या मेट्रनचं नाव आलं. डॉक्टरांचं नाव घालायला त्या तयार नव्हत्या. शेवटी अगदी तळाला, आभारात घातलं.

लेख वैद्यकीय नियतकालिकाकडे गेला. दीड महिन्यानं उत्तर आलं. बाईंनी पाकीट फोडलं, वाचलं आणि मेट्रनकडे दिलं. लेख स्वीकारला होता. अट एकच. नोंदींमध्ये एका डॉक्टरच्या वर्तनाचा वारंवार उल्लेख आहे, एकूण एकशे नव्वद वेळा. टोपणनाव असलं तरी सदर व्यक्ती हयात असल्यास तिची लेखी संमती जोडावी.

"हयात आहात का?" मेट्रननं विचारलं.

"अजून तरी," डॉक्टर म्हणाले आणि खिशातून पेन काढलं.

संमतिपत्र बाईंनीच टाइप करून आणलं. 'वरील लेखात ज्याचा उल्लेख "गडबडे डॉक्टर" असा आला आहे, तो मीच. नोंदी खऱ्या आहेत. प्रसिद्धीस माझी हरकत नाही.' डॉक्टरांनी चष्मा लावला, मजकूर वरपासून खालपर्यंत वाचला, पत्रातला एकशे नव्वद हा आकडा एकदा तोंडातल्या तोंडात म्हटला आणि झर्रकन सही ठोकली. कागद मेट्रनकडे सरकवून ते उठलेही. दुपारी त्यांना एक शस्त्रक्रिया होती.

मेट्रननं सही नीट निरखली. मग कागद तसाच परत त्यांच्यापुढं ठेवला.

"तारीख राहिली," त्या म्हणाल्या.

डॉक्टर मुकाट्यानं पुन्हा खाली बसले.