चाळीस मैलांची मुभा

लग्नाला तासभर उरला होता आणि नवरी ओढ्याच्या मधोमध बसली होती.

नवरीचं नाव लोवेना पेंगेली. वय चौसष्ट. कॉर्नवॉलमधल्या पोल्झेनर गावचं पोस्ट तिने तीस वर्षं सांभाळलं होतं, त्यामुळे सगळा गाव तिला अजून 'पेंगेलीबाई'च म्हणत असे. पहिला नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आज ती अँब्रोझ नान्स नावाच्या निवृत्त ग्रंथपालाशी ट्रेवेनिकच्या नोंदणी कचेरीत लग्न करणार होती. अंगात निळा झगा, डोक्यावर निळ्या पिसांची टोपी, मांडीवर पांढऱ्या फुलांचा गुच्छ. आणि पायाशी, गाडीच्या आत, थंडगार पाणी.

"रोज जातो मावशी मी इथनं," गाडी चालवणारा भाचीचा नवरा जोरी म्हणाला. "पाणी घोट्याच्या वर कधी नसतं."

"कोणाच्या घोट्याच्या? जिराफाच्या?"

"अगं, रात्री डोंगरावर पाऊस झाला असेल," मागच्या सीटवरून भाची टॅमसिन म्हणाली. तिने आपले बूट कधीच डोक्यापाशी धरले होते.

जोरीने किल्ली फिरवली. इंजिनाने सर्दी झालेल्या माणसासारखा आवाज काढला आणि ते गप्प झालं. या दरीत फोनला सिग्नल नव्हता. दोन्ही बाजूंना दगडी बांध, त्यावर माणसापेक्षा उंच काटेरी झुडपं. ट्रेवेनिक अठरा मैलांवर. तिथल्या अधिकारीणबाईंनी बारा वाजताची वेळ दिली होती आणि बजावलं होतं की साडेबाराला दुसरं जोडपं आहे, तिसरं एकला आहे, आणि मग थेट पुढच्या महिन्यात.

एवढ्यात टेकाडामागून घरघर ऐकू आली. लोवेनाने ती ताबडतोब ओळखली, आणि तिचा चेहरा उतरला.

"देवा," ती म्हणाली. "दुसरा कोणीही चालला असता."

तो गावातला शेतकरी डेन्झिल ट्रेम्बाथ होता. गेल्या हिवाळ्यात या डेन्झिलने नवाकोरा, प्रचंड, हिरवा आणि वेगवान ट्रॅक्टर घेतला, आणि तो पहिल्यांदा गावातून गेला तेव्हा लोवेनाच्या फडताळातली चिनीमातीची किटली खाली आली. लोवेना गावच्या पंचायतीवर होती. ट्रॅक्टर रस्त्यावर चालवण्याचे यच्चयावत नियम मिळवून तिने भर सभेत खणखणीत आवाजात वाचून दाखवले. ताशी पंचवीस मैल! त्या दिवसापासून डेन्झिल मोकळ्या रस्त्यावरसुद्धा पंचवीसच्या वर जात नसे. मागे गाड्यांची रांग लागायची, लोक भोंगे वाजवायचे, आणि डेन्झिल शांतपणे खिडकीतून हात बाहेर काढून लोवेनाच्या घराकडे बोट दाखवायचा.

आता त्याने ट्रॅक्टर ओढ्याच्या काठाशी थांबवला. मागे जुनाट ट्रेलर होता. त्याच्या फळ्यांवरून एक मेंढा डोकावत होता.

"काय पेंगेलीबाई! मासे धरताय?"

"डेन्झिल, माझं आज लग्न आहे."

हे ऐकल्यावर मात्र त्याने थट्टा आवरली. साखळी लावून त्याने गाडी काठावर ओढली. दारं उघडली तेव्हा आतून एक छोटा धबधबा पडला. गाडी काही केल्या चालू होईना. ट्रॅक्टरच्या केबिनमध्ये चालकाशेजारी एकच जागा होती. टॅमसिन आणि जोरी साक्षीदार म्हणून सह्या करणार होते, पण आता नवरी पोचणं जास्त महत्त्वाचं होतं.

"जा मावशी!" टॅमसिन ओरडली. "साक्षीदार काय, रस्त्यावर मिळतील!"

लोवेनाने झगा गुडघ्यापर्यंत उचलला आणि शिडीसारख्या पायऱ्या चढून ती वर गेली. ट्रॅक्टर निघाला. काटा हळूहळू पंचवीसवर आला आणि तिथेच चिकटला.

"डेन्झिल, जरा जोरात."

"पंचवीस, बाई. तुम्हीच वाचून दाखवलंत."

"या गतीने पाऊण तास लागेल! तोवर माझ्या जागी दुसरीच कोणी लग्न करून मोकळी होईल!"

"नियम म्हणजे नियम."

लोवेनाने घसा साफ केला. "तो नियम साध्या ट्रॅक्टरला आहे. सगळ्या चाकांना स्प्रिंगा असल्या, न घसरणारे ब्रेक असले आणि बाकीचं सगळं जागच्या जागी असलं, तर चाळीसची मुभा आहे. तुझ्या ट्रॅक्टरला आहे ना हे सगळं?"

"आहे की. त्याचेच तर जास्त पैसे घेतले त्यांनी."

"मग?"

डेन्झिलने मान सावकाश तिच्याकडे वळवली. "हे तुम्ही सभेत नाही वाचलंत."

लोवेना खिडकीबाहेर पाहू लागली. "पुढच्या पानावर होतं. सभेची वेळ संपली होती."

"सहा महिने, बाई! सहा महिने मी गोगलगायीसारखा फिरतोय! माझी बायको सायकलवरनं माझ्या आधी घरी पोचते!"

"मागाहून हवं तेवढं बोल मला. आधी पळव!"

"पळवतो कसा? मागे ट्रेलर आहे. त्याला ना स्प्रिंगा ना धड ब्रेक. तो जोडलेला आहे तोवर पंचवीसच."

"सोड तो ट्रेलर! त्या फाटकात लाव."

"त्यात ऑगस्टस आहे."

"मग ऑगस्टसला त्या रानात सोड. परत येताना घे."

"आणि बाजारात काय विकू? माझी टोपी?" डेन्झिल आता रंगात आला होता. "शिवाय टाकीत लाल डिझेल आहे. त्याच्यावर सरकारने कर कमी घेतलाय तो शेतीच्या कामासाठी. मेंढा बाजारात नेणं हे शेतीचं काम. बाईला लग्नाला नेणं हे शेतीचं काम नव्हे. मेंढा खाली उतरला की मी गुन्हेगार."

लोवेनाला हे ठाऊक होतं. तेही पुढच्याच पानावर होतं. तिने डोळे मिटले. ट्रेलर नको, पण मेंढा हवा. पोस्टात तीस वर्षं असले पेच सोडवण्यातच गेली होती.

"डेन्झिल," ती म्हणाली, "ऑगस्टसला आत घे."

ऑगस्टस बाटलीच्या दुधावर वाढलेला, माणसाळलेला मेंढा होता, पण आकाराने सोफ्याएवढा. ट्रेलर फाटकात सोडून डेन्झिलने त्याला खालून ढकललं, लोवेनाने वरून शिंगं धरून ओढलं. मधेच ऑगस्टसला वाटलं की आपण खाली उतरतोय, आणि त्याने मागचे पाय झाडले. डेन्झिल बांधाला जाऊन टेकला. अखेर मेंढा आत आला, लोवेनाच्या पायाशी बसला आणि त्याने आपली हनुवटी तिच्या मांडीवर ठेवली. ओल्या लोकरीच्या वासाने केबिन भरून गेली.

"धरा घट्ट!" डेन्झिल म्हणाला आणि त्याने ट्रॅक्टर सोडला.

तीस! पस्तीस! झुडपं हिरव्या पट्ट्यांसारखी मागे पळू लागली. बांधांपलीकडची शेतं, गायी, दूरवरची निळी खाडी, सगळं या उंचीवरून दिसत होतं. आपण चौसष्ट वर्षं खड्ड्यातून फिरलो असं लोवेनाला वाटलं. तिची टोपी तिरकी झाली.

"अडतीस!" ती काट्याकडे बघत ओरडली. "अजून दोन शिल्लक आहेत, डेन्झिल!"

"राहू द्या की बाई, शिलकीत!"

तिने खाली पाहिलं. ऑगस्टसने गुच्छातलं शेवटचं फूल जिभेने आत ओढलं.

"थुंक! थुंक म्हणते ना!"

ऑगस्टसने तिच्याकडे प्रेमाने पाहिलं आणि गिळलं. हातात राहिले चार देठ आणि एक फीत.

हमरस्त्याला लागले आणि सगळं थंडावलं. पुढे मोटारींची लांबच लांब रांग. वळणावळणाचा रस्ता, ओलांडून जायची सोय नाही. सगळ्यांच्या पुढे एक पिवळसर, जुन्या घाटणीची चिमुकली मोटार वीसच्या गतीने चालली होती. एकेक गाडी कंटाळून आडरस्त्याला वळत गेली, आणि शेवटी ट्रॅक्टर बरोबर तिच्या मागे आला. इतक्या वरून लोवेनाला नुसतं टप दिसत होतं.

"हा कोण म्हातारा बोका आहे? पायी चालतोय की काय?" तिने वाकून भोंगा दाबला आणि हात तिथेच ठेवला.

"बाई! गावात कोणी असा भोंगा वाजवला तर तुम्ही पंचायत बोलवाल!"

"गावात मी नवरी नव्हते!"

वळण संपलं, रस्ता दुपदरी झाला. डेन्झिलने छतावरचा पिवळा दिवा लावला, मागे पाहिलं, वळायचा इशारा दिला आणि ट्रॅक्टर डरकाळी फोडत त्या मोटारीच्या शेजारून पुढे सरकला. लोवेनाने खिडकी उघडली, देठांची मूठ बाहेर काढून नाचवली आणि आयुष्यात कधी ओरडली नव्हती एवढ्या मोठ्याने ओरडली, "घरी बसा की हो! लोकांना कामं असतात!"

ऑगस्टसनेही तिच्या खांद्यावरून डोकं काढून आपलं मत दिलं.

बाराला दोन मिनिटं कमी असताना ती कचेरीच्या पायऱ्या चढली. झगा लोकरीने भरलेला, टोपीचं एक पीस मोडलेलं, गाल लालबुंद. पाठोपाठ दोरीला मेंढा धरून डेन्झिल, कारण एकटा सोडला तर ऑगस्टस ट्रॅक्टरची आसनं खाईल अशी त्याला भीती होती.

"आले!" लोवेना म्हणाली. "अँब्रोझ कुठाय?"

अधिकारीणबाईंनी आधी मेंढ्याकडे आणि मग घड्याळाकडे पाहिलं. "अजून आले नाहीत."

अँब्रोझ कधीही उशिरा येत नसे. बस पकडायची असली तर तो इतका आधी पोचे की आधीच्या बसला हात हलवून निरोप देई. बारा वाजले. पाच मिनिटं झाली, दहा झाली. अँब्रोझ गाडी चालवताना फोन घेत नसे, आणि त्याचा फोन नुसता वाजत होता. लोवेना बाकावर बसली.

"विचार बदलला असेल त्याचा," ती हळूच म्हणाली. "मी त्याला सारखी टोकत असते रे. चमचा इथे ठेव, पावती तिथे ठेव. माणूस कंटाळतो."

डेन्झिलने खिशातला पेपरमिंट तिच्यापुढे धरला. "येतील बाई. मी नाही का सहा महिने पंचवीसने चालवला? तुमचं ऐकायची सवय लागते माणसाला."

आणि दार धाडकन उघडलं. धापा टाकत अँब्रोझ आत आला, कोटाला फूल, कपाळाला घाम. त्याच्या मागे वही उघडत एक तरुण पोलीस हवालदार.

"लोवेना, क्षमा कर! तुला गंमत म्हणून मी मित्राची जुनी मोटार मागून आणली. काच पुसून पुसून चकचकीत केली. दुसऱ्याची वस्तू, म्हणून बेताने चालवत होतो. तर मागून एक सैतान आला ट्रॅक्टर घेऊन! भोंगा काय, किंचाळणं काय! तू नेहमी म्हणतेस ना, तक्रार तिथल्या तिथे करावी? मी गाडी कडेला घेतली आणि पोलिसांना फोन केला. हे हवालदार बोलिथो जवळच होते, ते लगेच आले."

"वर्णन सांगा," बोलिथो म्हणाला.

"हिरवा ट्रॅक्टर. आत चालक, एक मेंढा आणि एक बाई. बाई बेभान झालेली. मूठ नाचवत होती. डोक्यावर निळी..."

अँब्रोझ थांबला. त्याने टोपीकडे पाहिलं. मग दोरीकडे, आणि दोरीच्या टोकाला असलेल्या ऑगस्टसकडे. हवालदारानेही त्याच क्रमाने पाहिलं.

"बाई, त्या तुम्हीच का?"

"मीच," लोवेना उठून उभी राहिली. "वेग अडतीस, चाळीसची मुभा. ट्रेलर सोडलेला. दिवा लावलेला. डिझेल लाल, पण मेंढा बाजारात चाललाय, त्याला विचारा."

"आणि मूठ?"

"मुठीबद्दल काही लिहिलेलं नाही. मी दोन्ही पानं वाचली आहेत."

"लोवेना," अँब्रोझ क्षीण आवाजात म्हणाला, "तू मला घरी बसायला सांगितलंस?"

"मला काय ठाऊक तू आहेस? वरून नुसतं टप दिसत होतं! आणि वीसने कोण चालवतं रे?"

"तुझ्यासाठी आणली होती." त्याने तिच्याकडे निरखून पाहिलं. डोळे चमकताहेत, केस सुटलेत, झग्यावर लोकर. या बाईला त्याने आजवर असं कधी पाहिलं नव्हतं. "चाळीसला कसं वाटतं गं?"

"अरे, काय सांगू तुला!" ती म्हणाली.

अधिकारीणबाईंनी टेबलावर बोटं वाजवली. "साडेबाराचं जोडपं बाहेर आलंय. साक्षीदार कुठे आहेत तुमचे?"

"ओढ्यावर," लोवेना म्हणाली. "एक हा डेन्झिल होईल."

"मी होतो," डेन्झिल म्हणाला. "पण जरा उरका. बाजार उठेल."

"एक मिनिट," बोलिथोने वही वर केली. नोकरीत नवा होता, अर्धवट काम सोडणं त्याला जमत नव्हतं. "तक्रार आलेली आहे, मला काहीतरी लिहावंच लागेल. तक्रारदार अँब्रोझ नान्स. जिच्याविरुद्ध तक्रार ती लोवेना पेंगेली. तक्रारदाराचं तिच्याशी नातं?"

अँब्रोझने लोवेनाचा हात धरला. त्यात अजून ते चार देठ होते.

"सध्या काही नाही," तो म्हणाला. "पाच मिनिटं त्या खुर्चीवर बसता का? दुसरा साक्षीदार हवाच आहे आम्हाला, आणि पेन तुमच्याकडे आहेच."

हवालदाराने अधिकारीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी खुर्ची दाखवली. त्याने वही मिटली, टोपी काढून काखेत धरली, आणि ऑगस्टसला जरासं सरकवून तो बसला.