गळकं ठाणं बघायला या!

“मार्लिस, तू काळजीच सोड! पोलीस ठाण्याची दशा बघून लोक रडत बाहेर पडतील!” ऑर्विलकाका पुतणीला म्हणाले. बहात्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी मारलेली ही पहिलीच बढाई होती.

मार्लिस अमेरिकेत आयोवातल्या एका छोट्या गावाची पोलीसप्रमुख. नवं ठाणं बांधायला कर्जरोखे काढायचे, तर शंभरातल्या साठ मतांचा होकार लागतो. मागच्या खेपेस अठ्ठावन्न पडली होती.

“काका, यंदा हरलो तर मी दुसऱ्या गावी नोकरी बघणार,” ती म्हणाली होती. काकांना तिच्याशिवाय होतं कोण?

मतदानाआधी लोकांना ठाणं दाखवायचं ठरलं. निवृत्त ग्रंथपालच ते, काकांनी दोषांची रीतसर यादी केली. गळकं छप्पर, बुरशीची भिंत, न्हाणीघरात रचलेले पुरावे, न लागणारं कोठडीचं दार... एकूण एकोणीस! कॉफीची व्यवस्था चर्चच्या महिला मंडळाकडे होती. मंडळाच्या इर्माला त्यांनी यादीची प्रत दिली. ‘लोकांना यातलं सगळं दिसलं पाहिजे’ असं त्यांना सांगायचं होतं. पण इर्मापुढे त्यांचा आवाज नेहमीच बसायचा.

“शनिवारी... लोक येणार आहेत,” एवढंच कसंबसं बाहेर पडलं.

शनिवारी काका ठाण्यात शिरले आणि उलटे बाहेर आले. पाटी वाचली. ठाणं तेच होतं! भिंती मक्याच्या दाण्यासारख्या पिवळ्या, खिडक्यांना झालरीचे पडदे, गळतीखालच्या बादलीत जिरेनियमची फुलं!

“इर्मा, हे काय केलंस?”

“मार्लिस परगावी होती तेवढ्यात एकोणीसच्या एकोणीस कामं उरकली! पाहुणे बोलवायचे आणि घर असं ठेवायचं? लाज कशी वाटली नाही रे तुला? माझा नवरा ड्वेन दोन दिवस छपरावर होता!”

तेवढ्यात पाहुणे आलेच.

“इथे... इथे पाणी गळतं,” काका घाम पुसत म्हणाले.

“कुठे?”

“म्हणजे, गळायचं.”

बाहेर ढग गडगडले. काकांनी इतक्या कळवळून आजवर देवाला हाक मारली नव्हती. पाऊस कोसळला! तीस माना वर झाल्या. एक थेंब नाही! लोकांनी ड्वेनसाठी टाळ्या वाजवल्या.

“पण कोठडीचं दार लागत नाही!” काका जवळजवळ किंचाळले. आत शिरून त्यांनी दार खसकन ओढलं.

खट्ट! लागलं.

मार्लिस किल्ली शोधेपर्यंत बायकांनी त्यांना गजांमधून केक भरवला.

“कसं वाटतंय रे आत?” ड्वेनने विचारलं.

“उबदार आहे,” काका म्हणाले. खोटं बोलणं त्यांना कधी जमलंच नाही.

मंगळवारी मतदान झालं. होकार शंभरात एकेचाळीस!

दुसऱ्या दिवशी इर्माचा फोन आला, तेव्हा मार्लिस काकांसमोरच बसून नोकरीचा अर्ज भरत होती.

“वाईट वाटून घेऊ नकोस हं ऑर्विल! मी पण विरोधातच मत दिलं. अरे, इतकं देखणं ठाणं असताना नवं कशाला?”

“हो... तेही खरंच,” काका हळूच म्हणाले आणि फोन ठेवला.

मतपत्रिका हातात आल्यावर त्यांनाही अगदी हेच वाटलं होतं, आणि खूणही त्यांनी तशीच केली होती. मार्लिसला ते सांगायचा धीर मात्र त्यांना अजून झालेला नाही.