खुशालरावांची नासपती

“अकोल्यापासून अमरावतीपर्यंत माह्यासारखी नजर दुसऱ्या कोनाची नाई,” असं गुप्तहेर नत्थुजी रोज सकाळी जाहीर करत आणि मग चष्मा शोधायला पुंजारामला हाक मारत. चष्मा कपाळावरच असे. पुंजाराम त्यांचा एकुलता एक सहायक. साहेबांची बुद्धी सांभाळता सांभाळता त्याची स्वतःची पार झिजली होती.

फाल्गुनात अमरावतीचे खुशालराव रडवेले होऊन आले. चिखलदऱ्याहून आणलेल्या त्यांच्या नासपतीला पहिल्यांदाच पांढराशुभ्र बहर आला होता आणि फुलं रोज नाहीशी होत होती.

“औंदा फळ नाई धरलं, त आमची मैना झाड तोडून शेवगा लावते म्हनते! लेकरावानी वाढवलं हो मी त्याले!”

नत्थुजींनी त्यांच्या अंगणात बाजेवर ठाण मांडलं. खुशालरावांच्या बायकोने, मैनाबाईने, गरम भजी आणून ठेवली.

“गुन्हेगार मोर्शीचा!” भजं उचलत नत्थुजी म्हणाले. “संत्रावाल्याइले नासपतीची धास्ती हाये.”

दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या ताटलीबरोबर, संशय वानरांवर गेला. मग कौंडण्यपूरच्या जत्रेतल्या हारवाल्यांवर. जत्रेला अजून कितीतरी महिने आहेत, असं पुंजाराम म्हणाला.

“म्हनूनच कोनाले शंका येत नाई!”

तपास वाढत गेला, तशी फुलं घटत गेली. एकदा साहेब वानराच्या मागे धावले आणि पुंजारामच्या वाट्याला पहिल्यांदाच भजं आलं. तो ते चावून थबकला आणि तडक स्वयंपाकघरात गेला.

“काकू, हे भजे कायचे?”

“फुलाइचे.”

“नासपतीच्या?”

“मंग? आमचे मालक सारं गाव बलावते झाड दाखवाले. पावन्याले नुसत्या चहावर धाडू? आन् आता तुहे साहेब रोज बसून राहिले!”

वऱ्हाडात पांढरं फूल एक तर देवाला जातं, नाहीतर बेसनात. दारात उभे असलेले खुशालराव कढईतली भजी मोजू लागले.

“गुन्हेगार घरातलाच, मी पयल्याच दिवशी वळखलं होतं,” धापा टाकत परतलेले नत्थुजी तोंडात भजं कोंबत म्हणाले.

“मंग आता तोडतं का झाड?” खुशालरावांनी मैनाबाईला भीतभीत विचारलं.

“तोडू कायले? शेवग्याच्या फुलाले अशी चव असते का?”

खुशालरावांनी डोळे पुसले. झाड वाचलं, या आनंदात ते जरा धीट झाले. “एक फांदी तरी फळाले ठेवजो.”

“साऱ्या ठेवतो,” मैनाबाई म्हणाली. “पन झाड पाहाले कोनाले बलवाचं नाई.”

खुशालराव अंगणात जाऊन बहराकडे बघू लागले. कोणाला दाखवायचीच नसेल, तर माणूस नासपती लावतो कशाला?